तंबोरा लावताना खरं काय, आवडीचं काय

'सुंदर म्हणजे ज्याचं त्याचं मत' असं कुणी म्हटलं, की मी त्याला तंबोऱ्यापाशी बसवते. आधी जोडीच्या, म्हणजे मधल्या, दोन्ही तारा षड्जात (सा) मिळवा. किंचित फरक असला तरी आवाज हेलकावतो. तारेत ओवलेला, सूर बारीक जुळवायचा मणी केसभर सरकवा. हेलकावे मंदावतात, थांबतात. इथे मताला जागाच नाही. आता खर्ज, म्हणजे खालच्या सा ची जाड तार, छेडा आणि कान देऊन ऐका. कुणीही न छेडलेला गंधार (ग) त्यातून उमटेल. हा स्वयंभू गंधार! समान अंतरांच्या सप्तकात लावलेल्या हार्मोनियमचा गंधार याहून सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा असतो.

जवारी, म्हणजे तारेच्या आवाजातली झणकार, मात्र आवडीची. घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारेखालचा दोरा हळूहळू सरकवा. कुणाला खुली, झणझणीत जवारी रुचते, कुणाला बंद, गोलसर. मी खुलीच ठेवते. शिष्यांनी आपापली ठरवावी, पण सूर मिळाल्यावरच.