हत्तीचा पाऊस ते येळवशीचा गारठा: मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांसाठी सल्ला

सूर्य हस्त नक्षत्रात, म्हणजे आपल्या ‘हत्ती’त, गेला की आपल्याकडची म्हातारी माणसं भिंतींकडे बघायला लागतात. ‘पडतील हत्ती तर पडतील भिंती’ ही म्हण मातीच्या घरांच्या काळातली. आता भिंती सिमेंटच्या झाल्या, पण सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंतचा हा पाऊस उभ्या आणि कापलेल्या सोयाबीनला आजही आडवा पाडतो. २०२५ च्या सप्टेंबरात बीड, धाराशिव, लातूर, नांदेडकडे सिंदफणा, मांजरा, गोदावरीनं काय केलं ते सांगायला नको. नदीकाठची जमीन खरडून गेली आणि वर गाळ बसला.

हवामान विभागाच्या सरासरी वेळापत्रकाप्रमाणे मोसमी पाऊस १७ सप्टेंबरच्या सुमारास पश्चिम राजस्थानातून परतायला लागतो आणि १५ ऑक्टोबरपर्यंत देशातून निघून जातो. मराठवाड्याचा निरोप ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात होतो. जाताना तो शांत जात नाही. सकाळी लख्ख ऊन, दुपारी उकाडा, तीन-चारच्या सुमारास ईशान्येला काळं आभाळ आणि मग तासाभराचा धुमाकूळ, असा त्याचा रिवाज. तोच काळ विजांचाही. कापणीवरची माणसं पाऊस आला की झाडाखाली धावतात, आणि धोका नेमका तिथंच असतो. मोबाइलवर विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ अ‍ॅप ठेवा, ढग गडगडला की विळे बाजूला टाकून पक्क्या घरात नाहीतर बंद गाडीत बसा. मजुरीचा तास बुडाला तर बुडू द्या.

सोयाबीन: कापणीपेक्षा बनीम (गंजी) महत्त्वाची

शेंगा साधारण ९५ टक्के पिवळ्या-तपकिरी झाल्या की कापणीला उशीर करू नका. जेएस ३३५ सारखं वाण वाळून उभं राहिलं की उन्हात शेंगा तडकतात. पण पुढच्या दोन-तीन दिवसांत पावसाचा इशारा असेल तर उभं सोयाबीन कापलेल्यापेक्षा बरं. उभ्या झाडावरची शेंग वाऱ्यानं लवकर सुकते, जमिनीवर पसरलेली मात्र खालून ओल ओढून घेते आणि तिसऱ्या दिवशी शेंगेतच कोंब येतात.

बनीम लावायची तर शेतातल्या उंचवट्यावर, खाली दगड-लाकडं टाकून, भोवती वीतभर चर काढून. ताडपत्रीची चूक दर वर्षी होते. ओलं सोयाबीन घाईघाईनं गोळा करायचं, ताडपत्री घट्ट बांधायची आणि चार दिवस उघडायचीच नाही. आत वाफ धरते, दाणा काळा पडतो, बुरशी येते. एका वर्षी मी स्वतः तीन एकरांची बनीम अशीच ‘सुरक्षित’ ठेवली होती. उघडली तेव्हा आंबट वास आला आणि हात घातला तर चटका बसला. ऊन पडलं की ताडपत्री काढा, ढीग हलवा, संध्याकाळी पुन्हा झाका.

मळणी दाण्यात १३ ते १४ टक्के ओलावा असताना करा. पुढच्या वर्षीचं बियाणं घरचं ठेवायचं असेल तर मळणी यंत्राचे फेरे मिनिटाला ४०० च्या आसपास ठेवायला सांगा. यंत्रवाला कुरकुर करेल, कारण त्याचं काम लांबतं. तरी सांगा. सोयाबीनच्या दाण्याचं टरफल पातळ असतं, जोरात आपटलेला दाणा बाहेरून चांगला दिसतो आणि जूनमध्ये उगवत नाही. साठवताना ओलावा १२ टक्क्यांच्या आत आणा. हमीभाव केंद्रावरही साधारण हाच आकडा विचारतात.

नुकसान झालंच तर पंचनाम्याची वाट न बघता शेत मोकळं करू नका, आधी तारीख-वेळ दिसेल असे फोटो काढून ठेवा. एक रुपयातला पीकविमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला आणि भरपाईचे निकषही बदलले. यंदा काय लागू आहे, हे सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीच्या कृषी सहायकाला) विचारून घ्या. गावच्या पारावर जुनेच नियम अजून फिरत असतात.

साचलेलं पाणी

तुरीला पाऊस चालतो, पण साचलेलं पाणी चालत नाही. चिबाड, म्हणजे पाणी न निचरणाऱ्या, जमिनीत दोन दिवस पाणी राहिलं की मर आणि करपा दिसायला लागतात. ओळींच्या मधून उताराला चर काढून पाणी नाल्याकडे वळवा. कपाशीत दीर्घ पावसानंतर एकदम कडक ऊन पडलं की झाडं मान टाकतात. ही आकस्मिक मर आहे. दहा लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया, १०० ग्रॅम पांढरा पोटॅश आणि २५ ग्रॅम कॉपर ऑक्सीक्लोराईड मिसळून झाडाच्या बुडाशी दीडशे मिलीपर्यंत ओता, तेही पहिल्या एक-दोन दिवसांत. झाड पूर्ण वाळल्यावर ओतलं तर फक्त खर्च. भिजलेला कापूस वेगळा वेचा, वेगळा वाळवा, चांगल्यात मिसळू नका. वसमत, हिंगोलीकडच्या हळदीत सरीतून पाणी वाहतं ठेवा, नाहीतर कंदकूज लागते.

रब्बी: तारखेपेक्षा वाफसा बघा

आपल्या जिरायती रब्बीचं सगळं भांडवल म्हणजे या परतीच्या पावसाची काळ्या जमिनीत मुरलेली ओल. ती दोन तऱ्हांनी वाया जाते. एक, चिखलात पेरल्यानं. दुसरी, सोयाबीन निघाल्यावर नांगरट, मग रोटाव्हेटर, मग पुन्हा पाळी, असं रान उलटंपालटं करत बसल्यानं. प्रत्येक उलथापालथीला ओल उडते. शेत मोकळं झालं, पाय रुतेनासा झाला, मूठभर माती दाबून सोडली की फुटते, एवढं झालं की वाफसा आला; मग एकच वखरपाळी आणि लगेच तिफण.

ज्वारीची पेरणी सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून १५ ऑक्टोबरपर्यंत करा. मध्यम ते भारी रानात परभणी मोती, परभणी सुपर मोती किंवा आपली जुनी मालदांडी. कडब्यासाठी मालदांडीचा मोह सुटत नाही हे खरं, पण जनावरं कमी असतील तर सुधारित वाणाला दाणा जास्त. हेक्टरी १० किलो बी पुरतं. काणी रोगासाठी किलोला ४ ग्रॅम ३०० मेश गंधक आणि खोडमाशीसाठी थायामेथोक्झाम ३० टक्के एफएस किलोला १० मिली चोळा.

करडईला उशीर अजिबात सोसत नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरली तर ठीक, पुढे सरकली की मावा आलाच म्हणून समजा. रान हलकं-मध्यम आणि पाणी नसलेलं असेल तर मी हरभऱ्याआधी करडईचा विचार करतो. तिची मुळं खोल जातात, ओल शेवटपर्यंत ओढतात, आणि काट्यामुळे डुकरं-हरणंही फारशी शिरत नाहीत.

जिरायती हरभरा ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, बागायती १० नोव्हेंबरपर्यंत. कोरडवाहूत बी ७ ते १० सेंटिमीटर खोल, ओलीत पडलं पाहिजे. बागायतीत ५ सेंटिमीटर पुरे. बदनापूरच्या संशोधन केंद्राची आकाश, तसेच विजय, दिग्विजय, जॅकी ९२१८ ही वाणं आपल्याकडे रुळलेली आहेत. यंत्रानं काढणी करायची असेल तर उंच वाढणारी फुले विक्रम घ्या. बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक, ते सुकल्यावर रायझोबियम हे जिवाणू खत. रायझोबियम चोळलेलं बी सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. गव्हाची घाई नको, त्याला थंडी मानवते. पाण्याची सोय असेल तर नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा.

‘पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती’ असं म्हणतात ते ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातल्या पावसाबद्दल. उगवून आलेल्या ज्वारीला तो सोन्यासारखा. वेचणीला आलेल्या कापसाला आणि छाटणी झालेल्या द्राक्षाला मात्र तोच पाऊस वैरी. जालन्याजवळच्या कडवंचीकडच्या द्राक्ष बागायतदारांना विचारा, केवडा रोग म्हणजे काय ते.

ढग की थंडी

ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचाही हंगाम. वादळ आंध्रच्या किनाऱ्याला लागलं तरी त्याचे ढग नांदेड-लातूरपर्यंत येतात. ढगाळ रात्र उबदार असते, आणि त्या उबेत अळ्या फोफावतात. तूर फुलोऱ्यात आहे, आभाळ आलंय, वर धुई पडतेय, असे चार दिवस सलग आले तर रोज सकाळी तुरीत चक्कर मारा. एकरी दोन कामगंध सापळे आणि वीसेक पक्षिथांबे आधीच लावलेले असू द्या. सापळ्यात दोन-तीन दिवस सलग आठ-दहा पतंग सापडले तर ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. अळ्या वाढल्या तर इमामेक्टीन बेंझोएट ५ टक्के एसजी, दहा लिटरला साडेचार ग्रॅम. शेजाऱ्यानं फवारलं म्हणून आपण फवारायचं, हे सोडा.

आभाळ निवळलं, वारा पडला आणि हवा कोरडी झाली की थंडी. २०१८ च्या डिसेंबरअखेर परभणीच्या कृषी विद्यापीठात पारा ३ अंशांच्या आसपास उतरला होता. मराठवाड्यात दहिवर गोठणं क्वचितच, पण पिकाला इजा व्हायला बर्फच पडावा लागत नाही. बातमीतलं तापमान माणसाच्या छातीच्या उंचीवर, सावलीतल्या पेटीत मोजलेलं असतं. उघड्या रानात, पिकाच्या पानाशी ते दोन ते चार अंशांनी कमी असू शकतं. थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी उताराला जाऊन नाल्याकाठच्या खोलगट रानात साचते. म्हणून माळावरची तूर टवटवीत आणि ओढ्याकाठची पोळलेली, हे एकाच शिवारात दिसतं.

कडाक्याचा इशारा आला की संध्याकाळी हलकं पाणी द्या. ओली जमीन दिवसाची ऊब धरून रात्री सोडते, आणि विहिरीचं पाणी पहाटे कोमटच असतं. लाइन रात्रपाळीची असेल तर त्या आठवड्यात ती शाप नाही, फक्त बॅटरी आणि बूट घेऊन जा. बांधावर ओला पालापाचोळा जाळून धूर करतात, तो वारा पूर्ण पडलेला असेल तरच पिकावर थांबतो, त्याच्यावर फार भरवसा धरू नका. अर्धापूर, वसमतच्या केळीत घड बाहेर पडताना थंडी लागली तर तो गळ्यात अडकतो. निसवलेल्या घडांना स्कर्टिंग बॅग (घड झाकायची पिशवी) घाला, बागेच्या उत्तरेला शेवरीचा किंवा शेडनेटचा आडोसा करा, खालची वाळकी पानं या दिवसांत काढू नका. रोपवाटिकेवर रात्री शेडनेट किंवा पोती टाका आणि सकाळी ऊन आलं की काढा.

गोठ्याच्या वाऱ्याच्या बाजूला पोत्यांचे पडदे लावा, खाली कोरडं ठेवा. वासरं आणि करडं थंडीत ओल्या जमिनीवर बसली की आजारी पडतात. भिजून बुरशी धरलेला सोयाबीनचा भुसा जनावरांना घालू नका, कितीही टंचाई असली तरी.

एक साधा, किमान-कमाल दाखवणारा तापमापक घ्या. शेतातल्या सगळ्यात खोलगट जागी, पिकाच्या उंचीवर काठीला बांधा आणि येळवशीच्या, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळा अमावस्येच्या, पंधरा दिवस आधीपासून रोज सकाळचा आकडा वहीत लिहा. शेजारी जिल्ह्याचा अंदाजही लिहा. दोन-तीन आठवड्यांत कळेल की तुमचं रान जिल्ह्यापेक्षा किती अंश खाली राहतं, आणि पुढच्या इशाऱ्याला मोटर चालू करायची की झोपायचं.