आरडीचा कार्ब उघडण्याआधी मागचं चाक

चवथ आटोपली, पावसाने जरा उसंत दिली की गोव्यात डिचोलीला आमच्या अंगणात गाडी मेन स्टँडवर चढते आणि घरचे आपापल्या चपला उचलून आत नेतात. यंदा आरडी ३५०ची, म्हणजे माझ्या जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकलची, दोन कामं एकदम काढली आहेत: मागे स्पोकचं १८ इंची चाक जाऊन १७ इंची अलॉय येणार, आणि दोन्ही कार्ब, म्हणजे इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारे कार्बुरेटर, नव्याने जुळवायचे. चाक आधी, कार्ब नंतर. हा क्रम मी दोन रविवार वाया घालवून शिकलो. गाडी वरच्या गिअरला ओढत नव्हती म्हणून जेट (कार्बमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी नळ्या) बदलले, नीडलची क्लिप खालीवर केली, प्लग तर एवढ्या वेळा काढला की हातालाच पान्ह्याचे घट्टे पडले. शेवटी शेजारच्या काकांनी गाडी न्यूट्रलला ढकलून पाहिली आणि विचारलं, "अरे, हिचा ब्रेक कोणी दाबून धरलाय?" मागचा ब्रेक घासत होता, बिचाऱ्या कार्बचा काही दोष नव्हता.

तर पहिलं काम खरेदीच्या आधीचं. व्हर्नियर आणि वही घेऊन बसायचं. चिमट्याच्या (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मच्या) दोन बाजूंमधलं आतलं अंतर, एक्सलची जाडी, इंजिनाच्या स्प्रॉकेटची (चेनच्या दातेरी चक्राची) रेषा मागे नेमकी कुठे येते, हे लिहून काढायचं आणि मगच भंगारवाल्याकडे किंवा दुकानात चाक बघायला जायचं. मूळ टायर ३.५०-१८, म्हणजे रुंदी ८९ मिमीच्या आसपास. मी लावतोय तो १३०/७०-१७. रुंदी दोन्हीकडे वीस-वीस मिमीने वाढते आणि चेन डावीकडे तिथेच वाट बघत असते. टायर आणि चेनच्या मध्ये माझी करंगळी मोकळी फिरली पाहिजे, असा माझा ठोकताळा आहे. वेगात टायर थोडा फुगतो, चेनही डोलते. रिम साडेतीन इंच रुंदीची हवी. अरुंद रिमवर हाच टायर गोल फुगून बसतो.

उंचीचा हिशेब कागदावर केला. जुना टायर सुमारे ६३५ मिमी व्यासाचा, नवा ६१४. मागची बाजू सेंटीमीटरभर खाली येणार आणि त्याच वेगाला इंजिन तीन टक्क्यांहून थोडं जास्त फिरणार. म्हणून मेन जेटची चाचणी जुन्या चाकावर करून उपयोग नाही.

चेनच्या नंबरावर लोक फसतात. पहिला आकडा पिचचा, म्हणजे चेनच्या दोन पिनांमधल्या अंतराचा: ५ म्हणजे पाच-अष्टमांश इंच, ४ म्हणजे अर्धा इंच. पुढचे दोन आकडे रुंदीचे. आरडीची मूळ चेन ५३०. नव्या चाकासोबत ५२०चं स्प्रॉकेट आलं तर पिच जुळतं, रुंदी जुळत नाही, पुढचं स्प्रॉकेट आणि चेन बदलून भागतं. पण ४२८चं आलं तर विसरा, ते दात वेगळ्याच गावचे.

मग लेथ. डिचोलीत या कामाला हात चांगले मिळतात. खाणीच्या ट्रकांच्या आणि बार्जच्या दुरुस्तीवर इथले कितीतरी टर्नर तयार झाले. २०१२मध्ये खाणी थांबल्या, परत सुरू झाल्या आणि २०१८च्या मार्चमध्ये पुन्हा बंद पडल्या, तेव्हापासून आमच्यासारख्यांच्या बारीकसारीक कामालाही वेळ मिळू लागला. टर्नरकडे नुसतं माप घेऊन जायचं नाही. चाक, एक्सल, चिमट्याचा पत्र्यावर काढलेला साचा, सगळं रिक्षात घालून न्यायचं. बेअरिंग ६२०२ असेल तर आतलं भोक १५ मिमी, ६२०३ असेल तर १७; बाहेरचा व्यासही वेगळा, ३५ आणि ४०. त्यामुळे एक्सल जाड निघाला म्हणून नुसतं बेअरिंग बदलता येत नाही, हबचं घर बघावं लागतं. दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलीच बेअरिंग घ्या. आपल्याकडच्या पावसात आणि खाऱ्या हवेत उघडी बेअरिंग दिवाळीपर्यंत कुरकुरायला लागतात. आणि दोन बेअरिंगच्या मधली नळी हरवू नका. ती नसली तर एक्सलचा नट आवळताच बेअरिंग दाबलं जातं आणि चाक जड फिरतं. परत त्या कार्बलाच शिव्या.

चाक बसल्यावर शिवणाचा दोरा मागच्या टायरपासून पुढच्या टायरपर्यंत दोन्ही बाजूंनी ताणून बघायचा. पुढचा टायर अरुंद आहे, तेव्हा दोन्हीकडे सुटणारी फट सारखी असली की झालं. नव्या चाकाला डिस्क ब्रेक असेल तर त्याचं कॅलिपर (चकती दाबणारा भाग) धरणारी पट्टी जाड पत्र्याची आणि नीट बोल्टने बांधलेली हवी. तिथे जुगाड नको. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल करायला मोकळीक देत नाही, म्हणून चाकाला पैसे मोजण्याआधी वाहतूक कार्यालयात विचारून घ्या.

आता पेट्रोल. टाकीतलं थोडं पारदर्शक बाटलीत काढायचं आणि रात्रभर खिडकीत ठेवायचं. माझ्या बाटलीत सकाळी तळाशी बोटभर वेगळा थर होता, हलवला की तेलकट गोळ्यासारखा लोळणारा. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढून घेतं; पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून खाली बसतात, आणि फ्लोटच्या वाटीत, म्हणजे कार्बखालच्या पेट्रोलच्या वाटीत, पहिलं तेच उतरतं. टाकी धुवून, रबरी नळ्या नव्या घालूनच पुढे जा. दुसरी गोष्ट, निव्वळ पेट्रोलच्या किलोला १४.७ किलो हवा लागते, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. जुन्या जेटवर गाडी कोरडी, म्हणजे हवेच्या मानाने कमी पेट्रोलवर, चालते, आणि टू-स्ट्रोकला कोरडं चालणं म्हणजे पिस्टन जाम. म्हणून मेन जेट एक-दोन नंबर मोठा घालून सुरुवात करायची आणि मग खाली उतरायचं, उलट कधीच नाही.

कार्बला हात लावण्याआधी ठिणगीचे पॉइंट घासून, ठिणगीचं टायमिंग लावून, एअर फिल्टर धुवून ठेवा. चालू गाडीत कार्ब आणि इंजिनाच्या मधल्या रबरावर थोडा क्लीनर फवारा. इंजिनाचा सूर बदलला तर तिथून हवा शिरतेय. दोन्ही स्लाइड (थ्रॉटलने वर उचलले जाणारे कार्बमधले पडदे) जुळवायला एकाच मापाचे दोन लांब ड्रिल बिट लागतात. इंजिन बंद ठेवून ते स्लाइडखाली दाबून धरायचे आणि थ्रॉटल अगदी हळू उघडायचा. दोन्ही बिटांची टोकं एकदम झुकली तर जुळलं. एक आधी झुकलं तर त्या बाजूची केबल ढिली करायची. हे झालं की ऑइल पंपाची खूण परत जुळवा, कारण त्याची केबल थ्रॉटललाच जोडलेली आहे. बरेच जण हेच विसरतात. मग एअर स्क्रू हलकेच पूर्ण आत, तिथून दीड फेरा बाहेर, गाडी गरम करून दोन्ही सायलेंसरमागे तळहात धरायचे. फुंकर दोन्हीकडे सारखी लागली पाहिजे.

चाचणीसाठी मी साखळीवरून केरीपर्यंत जातो, घाट चढायच्या आधी. खाली जेट बरोबर बसला की चोर्ल्याला, आठशे मीटरच्या आसपास, हवा विरळ म्हणून गाडी थोडी ओली (जास्त पेट्रोलवर) चालते, तिथे धोका नाही. धोका उतारावर आहे: थ्रॉटल मिटून गिअरवर उतरलात तर इंजिन फिरतं आणि तेल जेमतेम पोचतं, म्हणून अधूनमधून एक्सलेटरला झटका द्या. परत केरीला थांबलो की चहा सांगायचा, दोन्ही प्लग काढून रंग बघायचा, बिस्किटी असेल तर ठीक, पांढरट असेल तर तिथूनच हळू घरी. आणि चहा येईपर्यंत मागच्या हबला हात लावून बघायचा. तो तापलेला असेल, तर प्लग पुन्हा बसवा आणि खिशातून ब्रेकचा पान्हा काढा.