लिफ्टच्या खड्ड्यात आणि गच्चीवरच्या खोलीत काय तपासून घ्यायचं

महिन्याच्या सर्व्हिसिंगला मेकॅनिक येतो, दरवाजाच्या पट्टीतली धूळ काढतो, बटणं दाबून बघतो आणि रजिस्टरवर सही घेऊन जातो. रोज चालणाऱ्या भागांपुरतं हे ठीक आहे, कारण ते बिघडले की रहिवासी तासाभरात फोन करतात. गव्हर्नर (केबिनचा वेग वाढला की ओळखणारी यंत्रणा), सेफ्टी गिअर (केबिनला जागीच अडवणाऱ्या पाचरी), बफर (खड्ड्यातला धक्का झेलणारा भाग), फायनल लिमिट स्विच (केबिन शेवटच्या मजल्यापुढे गेली तर लिफ्ट बंद करणारा) यांचं तसं नाही. हे भाग वर्षानुवर्षं नुसते उभे असतात. गंजून जाम झाले तरी लिफ्ट छान चालत राहते. त्यामुळे ते मुद्दाम कामाला लावूनच तपासावे लागतात. वर्षातून एकदा ही तपासणी सोसायटीच्या जबाबदार माणसासमोर करून घ्या.

प्रत्यक्ष काम परवानाधारक कंपनीच्या प्रशिक्षित माणसांनीच करायचं. देखभालीची ही जबाबदारी महाराष्ट्राच्या २०१७ च्या लिफ्ट कायद्यानेही घातलेली आहे. कमिटी सदस्याने खड्ड्यात किंवा केबिनच्या टपावर उतरू नये. त्याने बाहेर उभं राहून बघावं, विचारावं आणि लिहून ठेवावं.

खड्डा

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून जवळपास प्रत्येक इमारतीच्या पार्किंगमध्ये जमिनीखाली टाकी असते. जुळे सोलापूर असो की होटगी रोड, बऱ्याच ठिकाणी ही टाकी लिफ्टच्या खड्ड्याला चिकटून बांधलेली दिसते. पाणी सुटलं की टाकी तुडुंब भरते आणि भिंतीतून पाझर खड्ड्यात उतरतो. नुसता पंप लावून पाणी उपसू नका. आधी भिंतीवरची ओल कोणत्या बाजूने आहे ते बघा. टाकीच्या बाजूने असेल तर वॉटरप्रूफिंग टाकीच्या आतून करावं लागेल. खड्ड्याच्या बाजूने केलेलं प्लास्टर पाण्याच्या दाबाने सुटतं.

मेकॅनिकने उतरण्याआधी स्टॉप स्विच दाबला का, आणि तो दाबल्यावर लिफ्ट बोलावूनही हलत नाही याची खात्री केली का, हे बघा. खड्ड्यातला दिवा लागत नसेल तर काम तिथेच थांबवा.

खाली गव्हर्नरच्या दोराला ताण देणारं वजन आणि त्याची पुली असते. दोर हळूहळू लांबतो, वजन खाली येतं, आणि एक दिवस जमिनीला किंवा साचलेल्या गाळाला टेकतं. टेकलं की दोराचा ताण जातो. वजन आणि जमीन यांतलं अंतर दर वेळी टेपने मोजून लिहा. दोन तपासण्यांत ते झपाट्याने कमी झालं असेल तर दोर आखूड करायची वेळ आली आहे. दोर ढिला झाल्यावर लिफ्ट बंद करणारा छोटा स्विच तिथेच असतो. तो हाताने दाबून लिफ्ट थांबते का ते बघायला सांगा.

बफर स्प्रिंगचा असेल तर तळाचा गंज आणि बोल्ट तपासा. पॉलियुरेथेनचा असेल तर बोटाने दाबून बघायला सांगा. जुना झालेला बफर भेगाळतो आणि त्याचा भुगा पडतो. असा बफर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. तेलाच्या बफरमध्ये तेलाची पातळी बघायची. पूर्ण दाबल्यावर तो १२० सेकंदांच्या आत मूळ उंचीवर यायला हवा.

केबिन सर्वांत वरच्या मजल्यावर उभी असताना काउंटरवेट (केबिनला तोल देणारं वजन) आणि त्याचा बफर यांतलं अंतरही मोजा. मुख्य दोर ताणून लांबले की हे अंतर घटतं.

गव्हर्नर आणि सेफ्टी गिअर

केबिनचा खाली येण्याचा वेग ठरलेल्या वेगाच्या निदान ११५ टक्क्यांवर गेला की गव्हर्नर आपला दोर पकडतो. दोर थांबतो, केबिन खाली येतच असते, त्यामुळे केबिनचा लिव्हर ओढला जातो आणि दोन्ही बाजूंच्या पाचरी रेल्सना, म्हणजे केबिन ज्यांच्या आधाराने सरकते त्या उभ्या लोखंडी पट्ट्यांना, आवळून बसतात. सेकंदाला १ मीटर वेगाच्या लिफ्टसाठी हा आकडा १.१५ मीटर, आणि ०.६८ च्या लिफ्टसाठी सुमारे ०.७८ मीटर. गव्हर्नरच्या स्प्रिंगवर कंपनीचं सील असतं. ते तुटलेलं दिसलं तर का तुटलं याचं लेखी उत्तर मागा.

चाचणीचा क्रम असा. केबिन रिकामी, सगळे दरवाजे बंद, प्रत्येक मजल्यावर पाटी. केबिन मधल्या मजल्यांच्या दरम्यान न्यायची आणि इन्स्पेक्शनच्या हळू वेगाने खाली सोडायची. मशीन रूममध्ये, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, गव्हर्नरचा दोर पकडणारा जबडा हाताने पाडायचा. आधी गव्हर्नरचा विजेचा स्विच सुटून मशीन बंद पडायला हवं. बरेच मेकॅनिक इथेच थांबतात आणि ‘गव्हर्नर ओके’ असं लिहितात. ही अर्धीच चाचणी झाली. पाचरी बसतात का हे कळण्यासाठी गव्हर्नरचा आणि सेफ्टी गिअरचा स्विच तेवढ्यापुरता वायरने जोडून केबिन पुन्हा खाली न्यावी लागते. पाचरी बसल्या की केबिन जागीच अडकते आणि मशीन फिरलं तरी खाली सरकत नाही. आता केबिनच्या जमिनीवर लेव्हल ठेवा. तिरकेपणा ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे मीटरभर रुंदीत ५ सेंटीमीटरच्या आत हवा. मग केबिन वर घेतली की पाचरी सुटतात. दोन्ही रेल्सवरच्या खुणा बघा. त्या समोरासमोर एकाच उंचीवर नसतील तर एक पाचर उशिरा बसते आहे, तिचं अंतर नीट करून घ्या. खुणांचे खरखरीत काठ कानशीने साफ करायचे. जोडलेल्या वायरी मोजून काढून घ्या. दोन जोडल्या असतील तर दोन्ही हातात आल्याशिवाय लिफ्ट सुरू करू देऊ नका.

ही यंत्रणा बहुतेक वेळा साध्या कारणांनी निकामी होते. गव्हर्नरच्या दोराला ग्रीस लावलेलं असतं. गंज चढू नये म्हणून कुणी चांगल्या हेतूने लावतं, आणि ऐन वेळी दोर जबड्यातून निसटतो. या दोराला ग्रीस कधीही लावू नये. यंत्रमागांच्या वस्तीत हवेतले सुताचे तंतू तेलावर बसून लगदा होतो आणि जबडा अडकतो. केबिनला रंग देताना लिव्हरच्या सांध्यांवर रंग बसतो. तिन्ही गोष्टी नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

ब्रेक

लिफ्ट कोसळण्याची भीती सगळ्यांना वाटते. पण काउंटरवेटचं वजन केबिनचं पूर्ण वजन अधिक तिच्या क्षमतेचे ४० ते ५० टक्के इतकं असतं, म्हणून ब्रेक सुटला तर रिकामी केबिन वर धावते. जुन्या लिफ्टमध्ये सेफ्टी गिअर फक्त खालच्या दिशेने काम करतो, वर जाणारी केबिन तो अडवत नाही. त्यामुळे ब्रेककडे दुर्लक्ष नको.

गिअरबॉक्सच्या सीलमधून तेल झिरपून ब्रेक ड्रमवर येतं. तेल लागलेलं लायनिंग पुसून चालत नाही. ते बदला आणि सील आधी बदला. केबिन मजल्याच्या पातळीवर न थांबता कधी वर, कधी खाली थांबू लागली तर ब्रेक तपासायला लगेच बोलवा. सहा माणसांची लिफ्ट ४०८ किलोची असते. तिची ब्रेक चाचणी सव्वापट म्हणजे ५१० किलोवर घेतात. सिमेंटची ५० किलोची दहा पोती आणि १० किलोचं एक वजन, प्लायवूड अंथरून सगळीकडे सारखं पसरलेलं.

दरवाजाचं लॉक

मजल्यावरच्या दरवाजाचा हुक किमान ७ मिलिमीटर आत अडकल्याशिवाय लिफ्ट हलता कामा नये. केबिन त्या मजल्यावर नसताना प्रत्येक मजल्याचा दरवाजा हाताने ओढून बघा, तो उघडता कामा नये. लिफ्ट वारंवार बंद पडते म्हणून लॉकचा संपर्क वायरने कायमचा जोडून ठेवणं हा सर्वांत घातक प्रकार आहे. दार उघडतं, केबिन नसते, माणूस पाय टाकतो. दार उघडं असताना लिफ्ट हललेली दिसली तर मेन स्विच बंद करा आणि दुरुस्ती होईपर्यंत बंदच ठेवा, रहिवासी कितीही चिडले तरी.

उन्हाळा आणि बॅटरी

मशीन रूमचं तापमान ४० अंशांच्या आत ठेवायचं असतं. सोलापुरात मे महिन्यात बाहेरच पारा त्यापुढे जातो. एक्झॉस्ट फॅन वर आणि जाळी लावलेली खिडकी खाली असेल तर गरम हवा बाहेर पडते. स्लॅबवर पांढरा लेप लावल्यानेही फरक पडतो. वीज गेल्यावर केबिन मजल्यावर आणणाऱ्या बॅटऱ्या उष्णतेने लवकर मरतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. बसवल्याचा महिना बॅटरीवरच मार्करने लिहा. रिकामी केबिन दोन मजल्यांच्या मध्ये असताना मेन बंद करून बघा. त्या वेळी १२ व्होल्टची बॅटरी १०.५ च्या खाली घसरली तर पूर्ण संच एकत्र बदला. एकच नवी घातली तर जुन्या तिलाही खेचतात.

मशीन रूम आणि बॅटऱ्यांची तपासणी मार्चअखेर उरकून घ्या. खड्डा सप्टेंबरचा जोरदार पाऊस ओसरल्यावर बघा, आणि तोही नळाला पाणी येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे पाझर लपणार नाही.