फ्रॅटमधे घुसायच्या आधी तिचा सातबारा बघा

राजारामपुरीतल्या आमच्या आत्याचा नातू गेल्या वर्षी अमेरिकेत शिकायला गेला आणि दुसऱ्याच महिन्यात रात्री दीडला मला मेसेज, "काका, एका फ्रॅटर्निटीनं बोलावलंय, कॉलेजची मान्यता नाही म्हणतात पण पोरं लय भारी आहेत, जाऊ का?" मला तेव्हा फ्रॅट म्हणजे पिक्चरमधली पार्टी एवढंच माहीत, खरं तर ती फ्रॅटर्निटी, म्हणजे कॉलेजातल्या पोरांची सभासद करून घेणारी संघटना, बऱ्याचदा स्वतःचं घर असलेली. मग बसून वाचून काढलं, आणि त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितोय, कारण आता कोल्हापुरातनं पण बरीच पोरं बारावीनंतर थेट तिकडं निघालीत.

आधी हे समजून घ्या की मान्यता नाही म्हणजे बेकायदेशीर असं काही नाही. आपल्या पेठेतल्या तालमीला कुठल्या कॉलेजची मान्यता असते? पण वस्ताद कोण, अध्यक्ष कोण, पोरानं दंगा केला तर कुणाच्या दारात जायचं हे अख्ख्या पेठेला माहीत असतं. फ्रॅटला असे दोन वस्ताद असतात, एक कॉलेज आणि दुसरं त्यांचं राष्ट्रीय हेडक्वार्टर, जे शाखेला चार्टर, म्हणजे शाखा चालवायची परवानगी, देतं. तुमचं पहिलं काम म्हणजे यातला कोण उरलाय ते शोधणं.

काही ठिकाणी फक्त कॉलेज सुटलेलं असतं. कोलोराडोत बोल्डरला २००४ मधे दारू पाजून एका नवीन पोराचा जीव गेला, मग कॉलेजनं कडक करार पुढं केला, फ्रॅटवाल्यांनी सही करायला नकार दिला आणि २००५ पासून ते कॉलेजच्या बाहेर स्वतःची कौन्सिल काढून चालवतात. ड्यूक युनिव्हर्सिटीत २०२१ मधे आणि यूएससीत (युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया) २०२२ मधे पण बऱ्याच फ्रॅट अशाच स्वतःहून बाहेर पडल्या. हार्वर्डच्या फायनल क्लबांनी, म्हणजे तिथल्या पोरांच्या जुन्या खाजगी क्लबांनी, तर १९८४ मधेच नातं तोडलं, मुलींना घ्या म्हटल्यावर. हार्वर्डच्या क्लबांना वर हेडक्वार्टर नाही, पण बाकी ठिकाणी निदान स्वतःची कौन्सिल नाहीतर हेडक्वार्टर असं विचारायला कुणीतरी असतं.

खरा घोळ दुसऱ्या प्रकारात आहे. कॉलेजनं काढलं, हेडक्वार्टरनं पण चार्टर काढून घेतलं, तरी पोरं भाड्याचं घर घेऊन, नाव जरा बदलून तेच चालू ठेवतात. इथं वरती कुणीच नाही, काही झालं तर बोट दाखवायला फक्त वीस वर्षांची पोरं. असल्या ठिकाणी अजिबात जाऊ नका, पार्टीला सुद्धा नको.

आता शोधायचं कसं. युनिव्हर्सिटीच्या साइटवर फ्रॅटर्निटी विभागाचं पान असतं, तिथं चालू असलेल्यांची यादी मिळते आणि बऱ्याच ठिकाणी निलंबित आणि काढून टाकलेल्यांची पण. डिसेंबर २०२४ मधे तिकडं कायदा झालाय, त्यामुळं हेझिंगमधे, म्हणजे आपल्या भाषेत रॅगिंगमधे, दोषी ठरलेल्या संघटनांची नावं कॉलेजला जाहीर करावी लागतात, ते पण वाचा. मग हेडक्वार्टरच्या साइटवर शाखांच्या यादीत तुमचं कॉलेज आहे का बघा. आणि सगळ्यात कामाची ट्रिक म्हणजे नाव सोडा, घराचा पत्ता घ्या आणि तो कॉलेजच्या विद्यार्थी पेपरच्या जुन्या अंकात सर्च करा, नाव बदलतं पण घर सहसा तेच असतं.

यादीत नाव सापडलं म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. पेन स्टेट युनिव्हर्सिटीत २०१७ मधे १९ वर्षांचा पोरगा जिन्यावरनं पडला आणि कितीतरी तास कुणी ॲम्ब्युलन्स बोलावली नाही, शेवटी तो गेला. ती फ्रॅट तेव्हा मान्यताप्राप्तच होती, घरात कॅमेरे पण होते.

म्हणून थेट विचारा, आणि मेसेजवर विचारा म्हणजे लेखी राहतं. इन्शुरन्स कुणाचा आहे, सल्लागार कोण आणि त्याचा नंबर काय, वर्गणी किती आणि पावती मिळते का, नवीन पोरांचा, म्हणजे पक्कं सभासद करायच्या आधीचा, काळ किती आठवड्यांचा आणि त्यात काय करायला लावता. "ते सिक्रेट असतं भावा" असं उत्तर आलं की तिथनंच मागं फिरा. त्यांच्या घरात खोली घेणार असाल तर भाडेकरार आपल्या एकट्याच्या नावाचा मागा, नाहीतर दुसऱ्यानं फोडलेल्या काचेचे पैसे तुम्ही भरत बसाल.

तिकडं २१ च्या आत दारू बेकायदा आहे, आणि पोलीस केस झाली तर व्हिसाची वेगळीच कटकट. तरीपण कुणी बेशुद्ध पडला तर "झोपू दे, उतरंल" म्हणू नका, कुशीवर वळवा आणि ९११ लावा. बऱ्याच राज्यांत असा फोन करणाऱ्यावर दारूची केस लावत नाहीत.

आणि इथं राहणाऱ्यांनी हसू नका. मी हॉस्टेलला असताना आमच्या मजल्यावर पण सीनियरांचा एक 'ग्रुप' होता, रेक्टरच्या वहीत नसलेला, रात्री एकला 'इंट्रो' घ्यायचा. आम्ही गप्प बसलो, कारण आम्हाला वाटायचं कॉलेजच्या बाहेर झालं तर काय करता येत नाही. तसं नाहीये. महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगबंदी कायदा कॉलेजच्या आत आणि बाहेर दोन्हीकडं लागतो, २ वर्षांपर्यंत कैद आणि १० हजारांपर्यंत दंड, शिवाय दोषी ठरला की कॉलेजातनं काढतात आणि ५ वर्षं दुसरीकडं ॲडमिशन नाही. यूजीसीची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, आत्ताच सेव्ह करून ठेवा.

आमच्या पोरानं पत्ता टाकून बघितला, तर तेच घर आधी वेगळ्या नावानं बंद पडलेलं निघालं. आता दर रविवारी फुटबॉल खेळतो, आणि आत्याला फोन करून पांढऱ्या रश्श्यात खसखस किती घालायची ते विचारतो.