पाणी उकळून शिसं जात नाही

पाणी खळखळ उकळलं की जंतू मरतात. शिसं, आर्सेनिक, कॅडमियम यांसारखे जड धातू मात्र तसेच राहतात. उलट वाफ उडून गेल्यामुळे पातेल्यातल्या उरलेल्या पाण्यात त्यांचं प्रमाण किंचित वाढतंच.

बोअरचं पाणी पीत असाल आणि आसपास कारखान्याचा नाला, कचरा डेपो किंवा जुन्या बॅटऱ्या फोडायचं काम असेल, तर प्रयोगशाळेत ‘जड धातूंची तपासणी हवी’ असं स्पष्ट सांगा. साध्या तपासणीत बहुधा जंतू, जडपणा, क्षार एवढंच पाहतात. टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणाऱ्या यंत्रावर, तर मुळीच विसंबू नका. पिण्याच्या पाण्यात शिशाची भारतीय मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे आणि तो मीटर मोजतो पूर्ण मिलिग्रॅममध्ये. आकडा छान दिसेल, शिसं तिथेच असेल. धातू सापडले तर चांगल्या स्थितीतला आरओ बरेचसे काढतो, पण त्यातलं मेम्ब्रेन, म्हणजे गाळणारा पडदा, वेळेवर बदलायला हवं.

पितळी नळातूनही थोडं शिसं पाण्यात उतरू शकतं. म्हणून त्यात रात्रभर थांबलेलं सकाळचं पहिलं पाणी भांड्यांना वापरा, प्यायला नको.

आणि लहान मुलं! शिसं त्यांच्या मेंदूवर आघात करतं आणि सुरक्षित म्हणावी अशी पातळीच माहीत नाही. शिसं धुळीतूनही घरात येतं. रांगतं बाळ फरशीवर हात टेकवतं, तोच तोंडात घालतं. म्हणून चपला उंबऱ्याबाहेर ठेवा, फरशी ओल्या फडक्याने पुसा, जेवणाआधी मुलांचे हात साबणाने धुवा. नाल्याच्या पाण्यावरची पालेभाजी मात्र धुऊनही भागत नाही. कॅडमियम पानाच्या आत असतं. ती घेऊच नका.