साप पाळायचाय? विदर्भात आधी मे महिन्याचा विचार करा

धुऱ्यावर सापडलेली धामण किंवा मांडूळ घरी ठेवायचं डोक्यात असेल, तर ते आधी काढून टाका. आपल्याकडच्या सापांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. बिनविषारी असला तरी पकडून ठेवणं गुन्हाच.

नवख्यानं बंदिस्त जागेत जन्मलेल्या दोनच विदेशी जातींचा अभ्यास करावा. आफ्रिकेतला बॉल पायथन आणि अमेरिकेतला कॉर्न स्नेक. दोन्ही बिनविषारी, साधारण ३ ते ५ फुटांचे. बॉल पायथन शांत असतो, घाबरला की वेटोळ्यात डोकं लपवतो. पण कधीकधी महिनोन्‌महिने खात नाही, आणि जगतो २०-३० वर्षं. कॉर्न स्नेकला खाऊ घालणं सोपं, मात्र टाकीच्या, म्हणजे साप ठेवायच्या पेटीच्या, झाकणाला जराशी फट राहिली की तो पसार. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा कॉर्न स्नेकच घ्या.

बॉल पायथन साइट्स कराराच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) यादीत आहे, म्हणून २०२४ च्या नियमांनुसार त्याची केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. विक्रेता "कागद नंतर देतो" म्हणाला, तर तिथून उठून या.

आता खरी अडचण. परदेशी माहितीत सगळा भर टाकी गरम ठेवण्यावर असतो. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि सापाला टाकीची थंड बाजू २५ ते २७ अंशांची हवी. म्हणून साप आणण्याआधी एक उन्हाळा जाऊ द्या. ज्या खोलीत ठेवणार तिथं कमाल-किमान तापमापक लावा आणि भर दुपारी, लाईट गेलेली असताना, आकडा वहीत टिपा. टिनाच्या छताखाली हे जमणार नाही. मातीच्या भिंतीची, उत्तरेकडची खोली बघा. कूलरचा झोत थेट टाकीवर नको; तळ ओला राहिला की खवले सडतात.

खाद्य म्हणजे गोठवलेले उंदीर. लाईट गेल्यावर वितळलेले पुन्हा गोठवू नका. तालुक्याच्या दवाखान्यात गाई-बकऱ्यांचा इलाज होतो, सापाचा होईलच असं नाही. नागपुरात कोण बघतं ते आधीच विचारून ठेवा.

पिल्लू निवडताना नाकाशी बुडबुडे, श्वासाची घरघर, शेपटीच्या टोकाला अडकलेली कात आहे का ते पाहा. डोळ्यांभोवती आणि हनुवटीखाली काळे ठिपके हलताना दिसले तर ते गोचिडीसारखे परजीवी किडे. असं पिल्लू घेऊ नका. आणि पैसे देण्याआधी विक्रेत्याला पिल्लाला तुमच्यासमोर खाऊ घालून दाखवायला सांगा.