गारगोटीवरचे तांबूस डाग घरच्या घरी कसे काढावेत

विहिरीच्या खोदकामात, खडीच्या खाणीत किंवा जळगाव-अजिंठा भागातल्या शेताच्या बांधावर मिळालेली गारगोटी बहुधा मातीने माखलेली आणि तांबूस थराने झाकलेली असते. दख्खनच्या बेसाल्टमध्ये लोह भरपूर आहे. खडक झिजू लागला की ते लोह पाण्याबरोबर पोकळ्यांत झिरपते आणि स्फटिकांवर गंजासारखे बसते. गारगोटी म्हणजे सिलिका. खाली सांगितलेली आम्ले तिला काही करत नाहीत, गंजाचा थर मात्र विरघळवतात.

आधी दगड ओळखा

घाई नेमकी इथेच नडते. आपल्याकडच्या पोकळ्यांत गारगोटी अनेकदा एकटी नसते. तिच्याबरोबर स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट यांसारखी झिओलाइट गटातली खनिजे असतात, अपोफिलाइट आणि कॅल्साइटही असतात. आम्ल लागले की अपोफिलाइटची चमक जाते, स्कोलेसाइटच्या सुया बुळबुळीत होतात आणि कॅल्साइट तर विरघळूनच जाते.

भिंगाखाली पाहा. मोत्यासारखी झाक असलेले गुलाबी-पांढरे पापुद्रे, पांढऱ्या सुयांचे झुबके, हिरवट मऊ अस्तर यांपैकी काहीही दिसले तर आम्ल वापरू नका. शंका असेल तिथे, न दिसणाऱ्या कोपऱ्यात, चाकूचे टोक ओढून पाहा. गारगोटीवर ओरखडा उठत नाही. उलट चाकूच्याच लोखंडाची करडी रेघ तिच्यावर उमटते. ओरखडा उठला तर ते दुसरे काहीतरी आहे. असा मिश्र नमुना पाणी, साबण आणि मऊ ब्रशने जितका निघेल तितकाच स्वच्छ करावा. तांबूस झाक राहिली तरी चालेल, झिओलाइट गेले तर परत येणार नाहीत.

स्फटिकाच्या आत अडकलेला लाल-पिवळा रंगही कशानेच निघत नाही. तो त्याचाच भाग असतो.

माती आणि चुना

दगड एक-दोन दिवस साध्या पाण्यात भिजवा. मग भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, जुना टूथब्रश आणि फटींसाठी बांबूची काडी वापरून माती काढा. दाभण किंवा सुई नको, तिच्याही करड्या रेघा राहतात. उकळते पाणी टाळा. स्फटिकाच्या आत पाण्याचे सूक्ष्म बुडबुडे असतात आणि तापमान झटकन बदलले की तो तडकतो.

पांढरा कठीण थर असेल तर तो किंचित खरवडून त्या भुकटीवर व्हिनेगरचा थेंब टाका. बुडबुडे आले तर ते कॅल्साइट, म्हणजे चुन्याचे खनिज. ते नको असेल आणि दगडावर झिओलाइट किंवा अपोफिलाइट नसेल, तर दगड साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवा, दर दोन दिवसांनी व्हिनेगर बदला आणि बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. हे काम ऑक्झॅलिक ॲसिडच्या, म्हणजे पुढे दिलेल्या गंज काढणाऱ्या आम्लाच्या, आधीच उरकायला हवे. चुना शिल्लक असताना ऑक्झॅलिक घातले तर कॅल्शियम ऑक्झॅलेटचा पांढरा, न विरघळणारा थर बसतो आणि तो आधीच्या डागापेक्षा चिवट असतो.

ऑक्झॅलिकचे पाणी

ऑक्झॅलिक ॲसिड हार्डवेअरच्या दुकानात पांढऱ्या खड्यांच्या किंवा भुकटीच्या रूपात मिळते, फरशी पॉलिश करणारे कारागीर ते वापरतात. ते विषारी आहे. पोटात गेले तर मूत्रपिंडांना इजा होते, भुकटी नाकात गेली तर झोंबते. म्हणून रबरी हातमोजे, चष्मा आणि मास्क घाला, काम बाल्कनीत किंवा अंगणात करा आणि मुले व जनावरे दूर ठेवा. वापरलेली बादली, चमचा, ब्रश पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. अंगावर किंवा डोळ्यात उडाले तर वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा. डोळ्यात किंवा पोटात गेले असेल तर लगेच दवाखाना गाठा.

झाकणाच्या प्लास्टिक बादलीत 1 लिटर डिस्टिल्ड वॉटर घ्या. बॅटरीत घालायचे पाणी चालते, पण बाटलीवर ॲसिड लिहिलेले नाही ना, हे वाचून घ्या. नळाचे किंवा बोअरचे जड पाणी नको, त्यातल्या कॅल्शियममुळे वर सांगितलेला पांढरा थर तयार होतो. या पाण्यात 60 ग्रॅम ऑक्झॅलिक थोडे थोडे टाकत लाकडी काडीने ढवळा. आधी पाणी, मग भुकटी, हा क्रम मोडू नका. गरम करू नका, वाफ घशाला आणि फुप्फुसांना घातक असते. धातूचे भांडेही नको.

दगड पूर्ण बुडवा, झाकण लावा, नाव आणि तारीख लिहा आणि बादली अंधारात ठेवा. अंधाराला कारण आहे. विरघळलेले लोह उजेडात बदलते आणि पिवळ्या भुकटीच्या रूपात स्फटिकांवरच बसते. ती काढणे जिकिरीचे आहे. पातळ थर दोन-तीन दिवसांत निघतो, जाड थराला दहा दिवसही लागतात. पाणी गडद पिवळे-हिरवे झाले की नवे पाणी करा. मँगनीजचे काळे डागही याने हळूहळू फिके होतात.

संडास साफ करायच्या ॲसिडचा मोह टाळा. त्याची वाफ वाईट, त्यातला रंग फटीत उतरतो आणि लोहाचा पिवळेपणा मागे राहतो. ब्लीच तर कोणत्याही आम्लाजवळ आणू नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

धुणे

जितके दिवस आम्लात, तितकेच दिवस साध्या डिस्टिल्ड किंवा आरओच्या पाण्यात. पाणी रोज बदला. शेवटच्या पाण्यात निळा लिटमस (आम्ल ओळखायचा कागद) लाल होईनासा झाला की धुणे पुरे झाले. हा टप्पा आवरता घेतला तर वाळल्यावर फटींतून पांढरी पूड वर येते. ते उरलेले ऑक्झॅलिकच असते. तसे झाले तर दगड पुन्हा भिजवा.

वाळवणे सावलीतच. साध्या गारगोटीला उन्हाचे काही नाही, पण जांभळ्या स्फटिकाचा रंग फार काळ उन्हात ठेवल्यास उडतो.

उरलेले पाणी

ते थेट मोरीत, झाडांना, विहिरीजवळ किंवा ओढ्यात टाकू नका. 60 ग्रॅम ऑक्झॅलिकला साधारण 40 ग्रॅम विझवलेला चुना पुरतो. चुना पाण्यात कालवून हळूहळू ओता. चष्मा याही वेळी हवा, कारण चुन्याने डोळा भाजतो. तळाला कॅल्शियम ऑक्झॅलेट बसेल. अळू खाजते ते याच द्रव्याच्या सुयांमुळे. लिटमसने आम्लपणा गेल्याची खात्री करा, एक दिवस निवळू द्या, वरचे पाणी भरपूर पाण्याबरोबर गटारात सोडा आणि गाळ वाळवून, पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. खतात मिसळू नका.